ब्लो फ्लाय: निळ्या माशीचं पुस्तक कुणाकुणाला आवडलं? (स्पॉयलर भरपूर आहेत)

हरमलची_वाळू
मंडळी, पाऊस असा बसलाय की तीन दिवस घरातून पाय बाहेर नाही, लाइट येते जाते, आणि अशात मी काल रात्री दोन वाजता मोबाइलच्या टॉर्चवर ‘ब्लो फ्लाय’ संपवलं. पॅट्रिशिया कॉर्नवेल, २००३, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर के स्कारपेटाच्या मालिकेतलं बारावं. आता थेट बारावंच का, तर माझ्या मामेभावाची किनाऱ्यावर शॅक आहे, म्हणजे सीझनपुरतं झोपडी-हॉटेल. मे संपता संपता शॅक मोडायची असते, तेव्हा सीझनभर फॉरेनर लोक जी पुस्तकं टाकून जातात ती तो एका पोत्यात भरून माझ्या दारात आणून ओततो, घे गो बाय, वाचत बस म्हणून. अर्धी रशियन, थोडी जर्मन आणि उरलेली ही अशी जाडजूड थ्रिलरं, पानांत वाळू आणि सनस्क्रीनचे डाग. यंदा त्यात ही माशी आली.

माझं मत: पहिली दीडशे पानं हातातून सुटत नाहीत. मधे कोण कुठल्या देशात आहे तेच कळेना, फ्लोरिडा काय, लुइझियाना काय, पोलंड काय. आणि शेवट म्हणजे शेवटच्या पंगतीला वाढपी कशी घाई करतात, ताक प्यायच्या आत पान उचलतात, तसा. पण तरी मला आवडलं असं म्हणेन. घरात ज्यांनी ज्यांनी वाचलंय ते सगळे मला वेड्यात काढतायत. तुमचं काय?

स्पॉयलर बिनधास्त टाका, पुस्तक वीस वर्षांपेक्षा जुनं आहे.

इस्वणफ्राय
रुमाल टाकून ठेवतो. फेरीताई येऊ देत, मग मजा.

चोडणची_फेरी
आले.

वाळू, तुला आवडलं कारण तू बाराव्या मजल्यावर लिफ्टने गेलीस, मी जिना चढून आलेय. १९९० च्या ‘पोस्टमॉर्टेम’पासून ओळीने, एकही न गाळता, रायबंदरच्या फेरीबोटीत. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना मिळून दिवसाला वीसेक पानं, फेरी लाइनीत अडकली तर तीस. नवव्या पुस्तकात, म्हणजे ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’, १९९८, बेंटन वेस्ली मेला, स्कारपेटाचा प्रियकर. जळालेल्या जागेत सापडला. मी त्या दिवशी पलीकडे उतरायचीच विसरले, परत चोडणला आले आणि ऑफिसात हाफ डे लागला. त्यानंतरची दोन पुस्तकं मी त्या बाईबरोबर सुतक पाळलंय, खरंच सांगते. तिचं काय चाललंय, ती कशी खचलीय, कशी स्वतःशीच भांडतेय.

आणि बाराव्यात काय, तर बेंटन जिवंत. साक्षीदार संरक्षणात, दुसऱ्या नावाने राहतोय, आणि ठराविक लोकांना ते आधीपासून माहीत होतं. अरे! जिचं अख्खं आयुष्य मेलेला माणूस कोण हे ओळखण्यात गेलं, तिलाच तिच्या घरच्या माणसाच्या बाबतीत गंडवायचं? मग बाकीच्या अकरा पुस्तकांत तिने जे जे ओळखलं त्याच्यावर मी विश्वास का ठेवू? माझा राग गोष्टीवर नाही, हिशेबावर आहे.

तात्या_फोंडेकर
मी मालिका वाचलेली नाही, मुलीने एक आणून दिलं होतं, चाळीस पानांवर सोडलं. आमच्या वेळी बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार होता, काळापहाड होता, वाचनालयात रोज पैसे देऊन एक घेऊन यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. खून व्हायचा, प्रेत पडायचं, प्रेताचं पुढे काय झालं ते कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. इथे मात्र बाई पोट फाडून आतलं वजन करून लिहून ठेवतात. जेवताना वाचायची सोय नाही. रहस्य कशात आहे, डोक्यात की आतड्यात?

इस्वणफ्राय
तात्या, आतड्यातच. शेवटचं जेवण किती वाजता झालं ते तिथूनच तर अंदाजतात.

तात्या_फोंडेकर
शिव शिव.

नाईट_ड्युटी
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलंय या धाग्यासाठी. मी एका हॉस्पिटलच्या शवागारात टेक्निशियन आहे, गोव्यातच, कुठलं ते विचारू नका. डॉक्टर नाही, त्यामुळे जे सांगतो ते बघून आणि सरांकडून ऐकून शिकलेलं आहे.

तात्या, शेवटच्या जेवणावरून वेळ काढणं दिसतं तितकं सोपं नसतं, माणूस घाबरलेला असेल तर पचन थांबतं, दारू असेल तर वेगळं. सर त्याला हातचा धरतात, उत्तर धरत नाहीत. पण पुस्तकाच्या नावाला म्हणून मी माशीबद्दल बोलतो, कारण त्या बाबतीत पुस्तकाने मला निराश केलं.

निळी-हिरवी चमकणारी माशी असते ना, मोठे तांबडे डोळे, आपल्याकडे जी जास्त दिसते तिचं शास्त्रीय नाव क्रायसोमाया मेगासेफला. मासळी बाजारात सगळ्यांनी पाहिलीय. ती दिवसाउजेडी मेलेल्या देहावर काही मिनिटांत पोचते. रात्रीची सहसा अंडी घालत नाही. अंडी कुठे घालते, तर डोळे, नाक, तोंड आणि जखम. म्हणजे जिथे अळ्या नेहमीच्या जागा सोडून भलतीकडेच जास्त दिसल्या तिथे जखम होती का हे आधी बघायचं, कातडी गेलेली असली तरी. आपल्या हवेत अंड्यातून अळी यायला बहुतेक वेळा एक दिवसही लागत नाही, मग तिच्या तीन अवस्था, मग ती देह सोडून कोरडी जागा शोधत सरपटत लांब जाते आणि कोष करते. आता गंमत अशी की या सगळ्याचा वेग तापमानावर. थंडीत हळू, गरमीत जलद. म्हणून नुसती अळी बघून चालत नाही, तिथली त्या दिवसांची उष्णता मांडावी लागते, कोष सापडले तर तेही उचलावे लागतात, आणि बॉडी उचलताना खालची माती कुणी झाडून टाकली की गेला अर्धा पुरावा.

परदेशी पुस्तकांत तापमानावरून वेळ काढायचा एक ठोकताळा नेहमी येतो, देह तासाला साधारण दीड डिग्री फॅरनहाइटने गार होतो म्हणून. मे महिन्यात इथे बाहेरच पस्तीस डिग्री सेल्सिअस, देह गार व्हायचा कुणाच्या पुढ्यात? आणि ताठरतासुद्धा इथे लवकर येते आणि लवकर जाते. मी नवीन असताना एका हवालदाराने विचारलं होतं, नेमकी वेळ सांगा ना, साडेनऊ की दहा. सर हसले आणि म्हणाले, काल संध्याकाळ ते आज पहाट लिहून घ्या. तो हवालदार आमच्याकडे असा बघत होता जणू आम्हीच काहीतरी लपवतोय.

तर हे सगळं माशीच्या जन्मात आहे. आणि पुस्तकाचं नाव माशीवर असताना पुस्तकात माशीचं काम किती? नावापुरतं. शवागारातली पानं मोजकी, बाकी विमानं, हेलिकॉप्टरं आणि गुप्त योजना. मला पहिली पाच-सहा पुस्तकं आवडायची ती एवढ्याचसाठी की त्यात ती बाई उभी राहून तासन्तास काम करते, पाय दुखतात, हात धुते, परत धुते, आणि तरीही उत्तर मिळत नाही. ते खरं आहे.

हरमलची_वाळू
दंडवत. हा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमची आजी पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, बांगडे खारवून वाळत घालायची तेव्हा माशा हाकायला दिवसभर हातात फणकुटी घेऊन बसायची, एक ढगाळ दिवस मधे आला की संपलं, दुसऱ्या दिवशी अळी. म्हणायची, ऊन चुकलं तरी माशी चुकत नाही. तेव्हा काय माहीत की आजी फॉरेन्सिक शिकवतेय.

नाईट_ड्युटी
आजीला हे आधीच माहीत होतं आणि चीनमध्ये त्याहून आधी. १२४७ साली सोंग त्सू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने मृत्यूच्या तपासावर पुस्तक लिहिलं, त्यात एक केस आहे. गावात एकाला विळ्याने मारलं. तपासणाऱ्याने सगळ्या गावकऱ्यांना आपापले विळे आणून उन्हात जमिनीवर ठेवायला लावले. धुतलेलेच होते सगळे. पण एकाच विळ्यावर माशा येऊन बसल्या, कारण रक्ताचा अंश राहिलेला. त्याने कबूल केलं. ना लॅब, ना हेलिकॉप्टर.

इस्वणफ्राय
तात्या, बघा, हा तुमच्या टाइपचा. डोकंही आहे आणि आतडं नाही.

तात्या_फोंडेकर
हे आवडलं. विळ्याची गोष्ट नातवाला सांगतो आज.

वकीलीणबाय
माझी तक्रार वेगळी आहे, कोर्टात उभं राहणाऱ्या बाईची. (मी स्कारपेटाची फॅन आहे हे आधीच सांगते, नाहीतर फेरी मला धारेवर धरेल.)

ती ‘चीफ मेडिकल एक्झामिनर’ होती, व्हर्जिनियाची. तो तिकडचा प्रकार, डॉक्टरच्या हातात मृत्यूच्या तपासाची सूत्रं, ती घटनास्थळी जाते, हुकूम देते. आपल्याकडे तसं नाही. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस येतात, पंच बोलावतात, पंचनामा करतात, पूर्वी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७४, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेला नवीन कायदा) १९४. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा असा मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेट, म्हणजे मामलेदार किंवा डेप्युटी कलेक्टर मध्ये येतो. डॉक्टर पोस्टमॉर्टेम करतो, रिपोर्ट देतो, आणि तीनचार वर्षांनी समन्स आलं की साक्षीला येतो. खुन्याच्या मागे धावत नाही. मुंबईत मृत्यूचं कारण तपासणारा कोरोनर नावाचा अधिकारी असायचा, १९९९ मध्ये तेही गेलं. ब्लो फ्लायमध्ये लुइझियानाचा जो कोरोनर आहे तो निवडून येतो, म्हणजे मतं मागून, हे वाचून माझा एक ज्युनियर म्हणाला, मॅडम, म्हणजे प्रचाराला काय घोषणा देत असेल?

आता मुद्दा. ल्युसी. पुतणी की भाची ते आपल्याकडे लगेच विचारतात म्हणून सांगते, स्कारपेटाच्या बहिणीची मुलगी, भाची. पहिल्या पुस्तकात दहा वर्षांची, मावशीच्या घरी कॉम्प्युटरशी खेळणारी, गोड. बाराव्यात ती पोलंडमधल्या हॉटेलात साथीदाराला घेऊन एका माणसाला मारते आणि आत्महत्येचा देखावा करते. तो माणूस वाईट आहे, मान्य. पण ज्या मालिकेचा सगळा पाया असा की मेलेला माणूस खोटं बोलत नाही आणि जिवंत माणसाने रचलेला देखावा डॉक्टर उघडा पाडते, त्या मालिकेत आपल्याच घरातली पोरगी देखावा रचते आणि लेखिका तिच्या बाजूने? मला ते पचलं नाही. निदान मावशीला ते कळून दोघींचं एकदा कडाक्याचं भांडण तरी व्हायला हवं होतं.

चोडणची_फेरी
वकीलीणबाय, बेंटनवर आपण एका बाजूला, पण ल्युसीवर नाही. ल्युसी कायदा सोडून जाते हे आधीच्या तीन पुस्तकांपासून दिसत होतं, एफबीआय सुटली, एटीएफ (दारू-हत्यारांच्या गुन्ह्यांचं केंद्रीय खातं) सुटली, मग स्वतःची एजन्सी. बाहेर काढलेल्या हुशार पोरीचं असंच होतं. मला ती खरी वाटली. बेंटन खोटा वाटला.

वकीलीणबाय
खरी वाटली म्हणून बरोबर ठरत नाही गो.

चोडणची_फेरी
मी कुठे म्हटलं बरोबर. तू कोर्टात आहेस असं समजू नकोस, इथे मी फक्त प्रवासी.

म्हापसा_शुक्रवार
मी तुम्हा दोघींच्या विरुद्ध. माझ्या मते ब्लो फ्लाय मालिकेतलं सगळ्यात धाडसी पुस्तक आहे, बेस्ट नाही म्हणत, धाडसी. अकरा पुस्तकं ‘मी’ने सांगितलेली, मी आत गेले, मी ग्लोव्हज घातले, मी घरी येऊन पास्ता केला. बाराव्यात ती एकदम ‘ती’ झाली. वर्तमानकाळ, छोटे छोटे तुकडे, आणि आपण कुणाच्याही डोक्यात शिरतो, टेक्सासच्या मृत्युदंडाच्या कोठडीत बसलेल्या शांदोन या खुन्याच्या पण. लोकांना राग आला कारण बाईच्या खांद्यावरचा हात सुटला. पण लेखकाने आयुष्यभर एकाच खिडकीतून बघायचं का? पुढे २०१० ला ‘पोर्ट मॉर्च्युअरी’त परत ‘मी’वर आलीच ना, म्हणजे तिलाही कळलं असेल काय हरवलं ते. पण करून बघितलं हे महत्त्वाचं.

माझंही वाळूसारखंच, मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी पुस्तकं घेतो, हाताला लागेल ते. मालिकेतलं आधी चौदावं वाचलं, मग पाचवं, मग हे. बेंटन मेला होता हे मला माहीतच नव्हतं त्यामुळे तो परत आला याचं काही वाटलंच नाही, म्हटलं हा कोण नवीन.

चोडणची_फेरी
हा कोण नवीन?? मॉडरेटर कुठे आहेत, याचा आयडी उडवा.

इस्वणफ्राय
पॉपकॉर्न संपले, आता मिरची भजी तळतोय.

दोन_कप_च्या
मी जरा वेगळं बोलते, हलकं घेण्यासारखं नाही.

मी ही मालिका कॉलेजात सुरू केली होती, ‘पोस्टमॉर्टेम’ने. ते पुस्तक कुठून आलं ते बघा. रिचमंडमध्ये १९८७ मध्ये खरंच बायकांचे खून झाले, घरात शिरून, टिमोथी स्पेन्सर नाव, आणि अमेरिकेत डीएनएच्या पुराव्यावर खुनात दोषी ठरून फाशी गेलेला तो पहिला, १९९४ ला. (फाशी म्हणजे तिकडे इलेक्ट्रिक चेअर.) कॉर्नवेल तेव्हा तिथल्या चीफ मेडिकल एक्झामिनरच्याच ऑफिसात कामाला होती. तिथल्या डॉक्टर मार्सेला फिएरोंवरून स्कारपेटा सुचली. म्हणजे त्या शहरात रात्री खिडकीची कडी दोनदा तपासणाऱ्या बाईने ते लिहिलंय, ते पानापानावर कळतं. त्यात मेलेल्या बाईचे फोटो काढतात, पुरुष आजूबाजूला उभे, आणि स्कारपेटाला आधी तिची अब्रू झाकावीशी वाटते. मी ते वाचून पुस्तक बाजूला ठेवून बसले होते बराच वेळ. मी तेव्हा मडगावला पेइंग गेस्ट होते, रात्रीच्या शेवटच्या बसने यायचे.

ब्लो फ्लायमध्ये पकडून ठेवलेल्या बायका आहेत, पण आपण त्यांना पकडणाऱ्यांच्या नजरेने बघतो. पानंच्या पानं. तो काय विचार करतो, ती त्याची साथीदारीण काय विचार करते. त्या बाईला स्वतःला काय वाटतंय ते उरल्यासुरल्या जागेत. म्हापसा_शुक्रवार, तुम्ही त्याला धाडस म्हणता, मला त्यात जागा बदललेली दिसते. आधी मी मेलेल्या बाईच्या बाजूला उभी होते, आता मला मारणाऱ्याच्या बाजूला उभं केलंय, आणि तिकीट काढून.

मी तिथे मालिका सोडली. नंतर कुणीतरी सांगितलं की २००७ च्या पुस्तकात मरिनो, तिचा जुना पोलीस साथीदार, दारू पिऊन तिच्यावरच हात टाकतो. म्हटलं बरं झालं सोडली.

म्हापसा_शुक्रवार
हे मी असं बघितलंच नव्हतं. वाद घालणार होतो, टाइप केलेलं पुसलं. त्या प्रकरणांत मलाही कसंतरी झालं होतं, पण ते कसंतरी होणं म्हणजे पुस्तक चांगलं असं मी समजत होतो. विचार करतो.

नाईट_ड्युटी
दोन_कप, एक सांगू का. आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला सर पहिल्या दिवशी हेच शिकवतात, जेवढं तपासायचं तेवढंच उघडं, बाकी चादर. कापडाचा तुटवडा असला तरी. पहिल्या पुस्तकातला तो प्रसंग म्हणूनच माझ्या लक्षात आहे.

साखळीचा_एकटा
एवढं काय डोकं खाताय. २००२ मध्ये बाई जॅक द रिपरच्या मागे लागली होती, वॉल्टर सिकर्ट नावाच्या चित्रकाराने खून केले म्हणून आख्खं पुस्तक लिहिलं, त्याची चित्रं स्वतःच्या पैशाने विकत घेऊन तपासली. बऱ्याच जाणकारांना ते पटलं नाही. त्यात वेळ गेला म्हणून मधे स्कारपेटा नाही, २००० नंतर थेट २००३. ब्लो फ्लाय हा राहिलेला होमवर्क आहे, सकाळी बसमध्ये केलेला. संपला विषय.

चोडणची_फेरी
एकट्या, विषय तू संपवलास म्हणून संपत नाही. पण होमवर्कचं पटलं, शेवट तर नक्कीच बसमध्ये केलाय. एवढी वर्षं मेलेला समजलेला नवरा समोर येतो (नवरा नाही, पण कळलं ना) आणि त्या भेटीला पानं किती? माझ्या धाकट्या दिराचं एअरपोर्टवर स्वागत यापेक्षा जास्त वेळ चालतं.

वकीलीणबाय
ज्यांना फॉरेन्सिक पाहिजे आणि हेलिकॉप्टर नको त्यांनी कॅथी राइक्स वाचा. ती स्वतः फॉरेन्सिक अँथ्रॉपॉलॉजिस्ट, हाडांवरून ओळख पटवणारी, त्यामुळे हाडाजवळ आली की गोष्ट थांबते आणि मजा येते. पहिलं १९९७ चं. विनोद पण आहे थोडा, जो स्कारपेटाला शपथेवर वर्ज्य.

हरमलची_वाळू
पोत्यात एक आहे तिचं, पण डच भाषेत 😭

तात्या_फोंडेकर
एक विचारतो. हे सगळं मराठीत का नाही येत? आणि आलं तर हे शब्द काय करायचे? शवविच्छेदन म्हटलं की पेपरातली बातमी वाटते.

नाईट_ड्युटी
तात्या, आमच्या इथे कुणी शवविच्छेदन म्हणत नाही. पीएम म्हणतात. पीएम झाला का, पीएमला घेतलाय, पीएमचा कागद. नातेवाईक पोस्टमार्टम म्हणतात. ताठरतेला ‘बॉडी कडक झालीय’, आणि रक्त खाली साचून पाठ जांभळी होते त्याला सर इंग्रजी शब्द लिहितात पण तोंडाने ‘डाग कुठल्या बाजूला आहेत बघ’ एवढंच. ते डाग भलत्याच बाजूला असतील तर मेल्यावर देह हलवलाय हे कळतं. पुस्तक मराठीत आणायचं तर असं बोललेलं आणा. आणि अजून एक, मराठी कथेत नेहमी रात्री बारा वाजता पोस्टमॉर्टेम चालू असतं, वीज कडाडतेय वगैरे. आपल्याकडे कित्येक वर्षं ते सूर्यास्तानंतर करायचंच नाही असा नियम होता. २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्राने जिथे सोय आहे तिथे रात्री परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, सडलेला देह, संशय असेल तर सहसा नाहीच. म्हणजे जी केस कादंबरीत येईल तीच रात्री होत नाही.

इस्वणफ्राय
म्हणजे मराठी थ्रिलरचा डॉक्टर संध्याकाळी साडेसहाला हात धुऊन घरी जाणार, आणि सस्पेन्स सकाळपर्यंत फ्रीजमध्ये.

नाईट_ड्युटी
अगदी तसंच. आणि लाइट गेली तर जनरेटर चालू झाला का हे बघायला मी उठणार. तो खरा सस्पेन्स.

वकीलीणबाय
त्यात नवीन कायद्याने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी गेलंच पाहिजे असं आणलंय, राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे यापुढे वेर्ण्याच्या फॉरेन्सिक लॅबच्या माणसाला हिरो करून कुणीतरी लिहायला हरकत नाही. चिखल, छत्री, पंच म्हणून पकडून आणलेला शेजारचा गाडेवाला आणि त्याला घरी जायची घाई. वाचेन मी.

म्हापसा_शुक्रवार
लिहा की मग तुम्हीच.

वकीलीणबाय
तारखा कोण घेणार?

हरमलची_वाळू
अरे धागा कुठे गेला बघा. एक खरा प्रश्न. मला आता मागची वाचायची आहेत, पण बेंटन परत येतो हे मला माहीत झालंय. मग नववं वाचण्यात काही अर्थ आहे का? तो मरतो तेव्हा मला रडू कसं येणार? मी तर त्याला शेवटी दारात उभा बघितलाय.

दोन_कप_च्या
पहिलं वाच आधी. त्यानंतर ठरव.

चोडणची_फेरी
वाच. मी सांगते ना. तुला माहीत असेल तो जिवंत आहे, पण तिला माहीत नसतं. मी ज्या पानांवर तिच्याबरोबर रडले तिथे तू तिच्याकडे बघून चिडशील, की अगो नको रडू. ते माझ्यापेक्षा वाईट असेल कदाचित. माझं नववं मी तुला पाठवते, पण परत पाहिजे हं, ते माझं फेरीतलं आहे. पणजीहून पेडण्याच्या कदंबाच्या बसला एक ओळखीचे कंडक्टर आहेत, त्यांच्याकडे देते, तू स्टँडवर घे.

हरमलची_वाळू
देव बरें करूं. प्लास्टिकमध्ये गुंडाळ, इथे आभाळ फाटलंय.

साखळीचा_एकटा
मला पण कुणीतरी पहिलं द्या. वाचलेलं नाहीये अजून एकही. (हलके घ्या.)

चोडणची_फेरी
एकट्या!!! एवढं होमवर्क होमवर्क करत होतास!

हरमलची_वाळू
मिळालं. दोन पिशव्या, वर रबर, वर कंडक्टरचा सल्ला की बाय हे वाचून रात्री झोप येणार नाही. आत कदंबाचं एक जुनं तिकीट ठेवलेलं आहे खूण म्हणून, पुस्तक बरंच पुढे गेल्यावर. फेरी, तो तिथे मरतो का? सांगू नकोस. सांग. नको, राहू दे, तिकीट काढून ठेवते.